गोठ्याचा विमा आणि औषधपाण्याची पुंजी

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत असता दरवर्षी वैशाख-ज्येष्ठात एका प्रकारचे कागद हटकून आमच्या मेजावर येत. वळवाच्या पावसात वीज पडून कोणाचा बैल, कोणाची म्हैस, कोणाच्या चार शेळ्या दगावत. तलाठी पंचनामा करी, पशुवैद्य दाखला देई आणि प्रकरण मदतीकरिता तहसिलीत येई. त्याच दिवसांत दुसऱ्या प्रकारचेही अर्ज येत. बैल पोट फुगून मेला, गाय व्याल्यावर दुसऱ्या दिवशी थंड पडून गेली, तरी सरकारने काही द्यावे, असा त्यांतील मजकूर असे. पहिल्या प्रकारच्या अर्जावर मदतीची शिफारस होई. दुसऱ्यावर आम्हांस असा शेरा लिहावा लागे की, सदर मृत्यू नैसर्गिक आपत्तीमुळे झालेला नसल्याने अर्ज दप्तरी दाखल करावा. हा शेरा आम्ही किती वेळा लिहिला याची मोजदाद नाही. बैल मात्र दोन्ही घरचे सारखेच मेलेले असत.

शेतकरी बंधूंची अशी एक समजूत झालेली आढळते की, जनावर गेले म्हणजे सरकार काहीतरी देतेच. ही समजूत 2022 सालच्या लंपी रोगाच्या साथीने अधिक दृढ झाली. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात जळगाव जिल्ह्यात हा रोग दिसला, आणि थोड्याच आठवड्यांत आपल्या नाशिक जिल्ह्यातही गाई-बैलांच्या अंगावर गाठी उठू लागल्या. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. शेळ्यांच्या देवीची लस गाईंस मोफत टोचण्यात आली. ज्यांची जनावरे या रोगाने मेली त्यांस शासनाने दुभत्या गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये दिले. हे साहाय्य योग्यच होते आणि पुष्कळ घरांस त्याचा आधार झाला. परंतु तो निर्णय त्या साथीपुरता होता. घटसर्प, फऱ्या, गोचीड ताप, दुग्धज्वर, पोटफुगी, सर्पदंश यांनी वर्षभर एकेक करून जी जनावरे मरतात, त्यांच्या धन्यास तो लागू नाही. शिवाय चांगल्या संकरित गाईची बाजारातील किंमत त्या रकमेच्या दुप्पट आणि त्याहूनही जास्त असते, हे घोटीच्या किंवा नामपूरच्या बाजारात एकदा फेरी मारून आलेल्यास सांगावयास नको.

तेव्हा आपल्या गोठ्याची काळजी आपणच कशी वाहावी, हा या लेखाचा विषय आहे. त्यास दोन साधने आहेत. एक विमा आणि दुसरे औषधपाण्याकरिता बाजूस ठेवलेली पुंजी. ही दोन्ही एकच आहेत अशी गल्लत करणारे पुष्कळ भेटतात. विमा काढला, आता डॉक्टरचा खर्चही कंपनी देईल, असे समजून स्वस्थ बसणारे आम्ही पाहिले आहेत, आणि घरात चार पैसे आहेत, विमा कशाला, असे म्हणणारेही पाहिले आहेत. दोघेही प्रसंग आल्यावर फसतात.

प्रथम मागील काळाकडे थोडे पाहू. ज्या काळी घरोघर बैलजोडी होती, त्या काळी एखाद्याचा बैल ऐन पेरणीत मेला तर सावडीने काम निभावे. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल, अशी जोडी करून दोघांचीही शेते पेरली जात. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या बाजूस, जेथे भाताच्या चिखलात डांगी बैलच चालतो, तेथे हा प्रकार अद्याप थोडाफार दिसतो. नवीन बैल घेण्यास 1884 सालच्या शेतकरी कर्जाच्या कायद्याने तगाई मिळे. आमच्या जुन्या दप्तरात त्या तगाईच्या वह्या होत्या, आणि त्या चाळताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली होती. तगाई काढून घेतलेला बैल दोन वर्षांत मेला तरी तगाईचा हप्ता काही मरत नसे. आज तगाईच्या जागी पतपेढीचे किंवा बँकेचे कर्ज आले आहे, एवढाच फरक. गाय कर्जावर घ्यावयाची, दुधातून हप्ता फेडावयाचा, आणि मध्येच गाय गेली म्हणजे दूधही गेले आणि हप्ता तेवढा उरला. सावडीचे म्हणाल तर ट्रॅक्टर आल्यापासून शेजाऱ्याच्या दावणीला बैलच नाही, तो देणार काय? आणि दुभत्या गाईची सावड होत नाही.

विम्याचे तत्त्व सावडीचेच आहे, मात्र ते गावाच्या शिवेबाहेर नेलेले. शंभर गोठ्यांनी वर्षाकाठी थोडे थोडे द्यावे आणि ज्याचे जनावर मरेल त्यास त्यातून भरपाई मिळावी. हे एका गावापुरते का करू नये, असे आम्हांस एका बंधूंनी विचारले होते. युरोपात जर्मनीच्या खेड्यांतून अशी गुरांच्या विम्याची मंडळे पूर्वी पुष्कळ होती. ब्रह्मदेशातही विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सहकारी गुरे-विमा मंडळ्या निघाल्या होत्या. परंतु गावापुरत्या मंडळात एक दोष मूळचाच असतो. साथ येते तेव्हा ती एका घरी येत नाही, सबंध गावात येते. ज्यांनी एकमेकांस भरून द्यावयाचे त्या सर्वांचीच जनावरे एकदम आजारी पडतात, आणि मंडळाची पेटी एका महिन्यात रिकामी होते. बुळकांडीच्या काळी तर गावेच्या गावे बैलांवाचून राहिली. (हा रोग आता जगातून नाहीसा झाला आहे. हिंदुस्थान 2006 साली त्यातून मुक्त ठरला, आणि सर्व जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे 2011 साली जाहीर झाले.) म्हणून मोठ्या प्रदेशावर पसरलेला विमाच साथीत टिकतो.

आपल्या देशात 1972 च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे सरकारी मालकीच्या चार विमा कंपन्या गुरांचा विमा उतरवू लागल्या, आणि आता खाजगी कंपन्याही त्यात आहेत. हप्त्याचा भार पेलत नाही म्हणून केंद्र सरकारने 2005-06 साली निवडक शंभर जिल्ह्यांत हप्त्याचा काही भाग स्वतः सोसण्याची योजना प्रयोगादाखल काढली. 2008-09 पासून ती नियमित झाली, आणि 2014-15 पासून ती राष्ट्रीय पशुधन अभियानात समाविष्ट आहे. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने तीत महत्त्वाचा बदल केला. पूर्वी शेतकऱ्याचा हिस्सा प्रदेशाप्रमाणे व वर्गाप्रमाणे शेकडा 20 पासून 50 पर्यंत असे. तो सर्वांसाठी शेकडा 15 ठरविण्यात आला आणि उरलेला हप्ता केंद्राने व राज्याने 60 व 40 या प्रमाणात द्यावा असे ठरले. पूर्वी एका घरच्या पाच मोठ्या जनावरांपर्यंत ही सवलत होती, ती दहापर्यंत झाली.

हिशेब करून पाहू. गाईची किंमत 60,000 रुपये ठरली आणि वार्षिक हप्त्याचा दर उदाहरणादाखल शेकडा 3 धरला, तर हप्ता 1,800 रुपये होतो. त्याचे शेकडा 15 म्हणजे 270 रुपये. दर थोडा चढा निघाला तरी ही रक्कम गाईच्या एका दिवसाच्या दुधाच्या आसपास राहते. मात्र येथे एक सावधगिरीची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. सरकारी योजना कागदावर असणे आणि त्या वर्षी आपल्या तालुक्यात ती प्रत्यक्ष चालू असणे यांत अंतर असते. आम्ही तीस वर्षे सरकारी नोकरी केली आहे, म्हणून हे आम्ही लिहू शकतो. चालू वर्षी सवलतीचा विमा उतरविणे सुरू आहे किंवा कसे, कोणत्या कंपनीकडे आहे, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन समक्ष विचारावे. सवलत नसेल तर पूर्ण हप्ता भरूनही विमा मिळतो, आणि कर्जावर घेतलेल्या एकुलत्या एक गाईपुरता तो तसाही उतरवावा, असे आमचे मत आहे.

सर्व जनावरांचा विमा होत नाही. साधारण नियम असा की, दुभती गाय दोन वर्षांची किंवा पहिल्या वेताची झाल्यापासून दहा वर्षांपर्यंत, म्हैस तीन वर्षांपासून बारापर्यंत, वळू तीनपासून आठ आणि बैल तीनपासून बारा वर्षांपर्यंत. किंमत मालक, पशुवैद्य व कंपनीचा माणूस यांनी मिळून बाजारभावाने ठरवावयाची. तेथे संकोच करू नये आणि फुगवूही नये. विमा सुरू झाल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांत झालेल्या रोगाने जनावर मेले तर भरपाई नाही. हेळसांड, अडाण्याकडून केलेले उपचार, जाणूनबुजून केलेली इजा, चोरी आणि चोरून केलेली विक्री यांचीही भरपाई नाही. काही पॉलिसींत घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकत यांची लस टोचलेली असेल तरच त्या रोगांचा मृत्यू धरतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी लस टोचून तिची नोंद कागदावर घेणे हा विम्याचाच एक भाग समजावा. जनावर कायमचे निकामी झाले, पण मेले नाही, तर त्याची भरपाई वेगळा हप्ता भरलेला असल्यासच मिळते. हे कलम विमा उतरविताना वाचून घ्यावे. इंग्रजी असेल तर घरातील शिकणाऱ्या मुलाकडून वाचवावे.

आता बिल्ल्याविषयी. यावर आम्ही थोडे विस्ताराने लिहिणार आहो, कारण यात आमची स्वतःची ठेच आहे.

2016 साली, नोकरीत असतानाच, आम्ही घरच्या गोठ्यासाठी एक संकरित गाय कर्जावर घेतली. कर्जासोबत विमाही झाला आणि गाईच्या कानात पिवळा बिल्ला आला. श्रावणात गाय तारेच्या कुंपणाजवळ चरत असता कान अडकून बिल्ला निघाला. आमच्या कुटुंबाने तो उचलून आणून दाखविला. आम्ही म्हणालो, ठेवा कोनाड्यात, सवडीने पाहू. त्या महिन्यात कचेरीत निवडणुकीच्या याद्यांचे काम होते, सवड झाली नाही. कार्तिकात गाईला गोचीड ताप झाला, डोळे पांढरे पडले आणि सहाव्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी शवविच्छेदन केले, दाखला दिला. आम्ही सर्व कागद टाचणी लावून, अनुक्रमांक घालून पाठविले, कारकुनाचे कागद असावेत तसे. महिन्याभराने कंपनीचे उत्तर आले की, मृत जनावराच्या कानात बिल्ला नसल्यामुळे तेच विमा उतरविलेले जनावर होते हे सिद्ध होत नाही, सबब दावा नामंजूर. बिल्ला आमच्या कोनाड्यात होता. तो आम्ही पाठविलाही होता. परंतु सुटा बिल्ला कोणत्या गाईचा, हे बिल्ला काय सांगणार? आम्हांस फार राग आला. पुढे शांतपणे विचार केला तेव्हा दिसले की, आम्ही स्वतः त्या मेजावर असतो तर हाच शेरा लिहिला असता. पंचावन्न हजारांची गाय गेली, आणि तिच्या कर्जाचे हप्ते आम्ही पगारातून पुढे सोळा महिने भरले. पगार होता म्हणून भरले. ज्यास पगार नाही त्याने काय केले असते, हा विचार आमच्या मनातून गेला नाही.

कंपन्या याबाबत इतक्या कडक का असतात तेही सांगितले पाहिजे. विमा उतरविलेल्या गाईचा बिल्ला काढून दुसऱ्याच मेलेल्या म्हाताऱ्या जनावराच्या कानात अडकविणारे महाभाग आपल्यातच आहेत. त्यांची नावे गावास ठाऊक असतात. असे एक खोटे प्रकरण पचले म्हणजे पुढील दहा खऱ्या प्रकरणांकडे संशयाने पाहिले जाते आणि सर्वांचा हप्ता वाढतो. हे चातुर्य नव्हे, ही शेजाऱ्याच्या गोठ्यातील चोरी आहे.

म्हणून बिल्ला पडला तर त्याच दिवशी कंपनीस लेखी कळवावे, दवाखान्यात जाऊन नवा मारून घ्यावा, आणि नव्या क्रमांकाची नोंद पॉलिसीवर होऊन आल्याशिवाय स्वस्थ बसू नये. हल्ली सर्व जनावरांस सरकारमार्फत बारा अंकांचा बिल्ला मारतात आणि त्याची नोंद संगणकात असते. महाराष्ट्र शासनाने तो आवश्यकच केला असल्याने हे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. जनावर मेल्यास पुरण्याची घाई करू नये. प्रथम कंपनीस कळवावे आणि कळविल्याची वेळ लिहून ठेवावी. डॉक्टरांस बोलवावे, कानातील बिल्ला स्पष्ट दिसेल असे छायाचित्र काढावे, शवविच्छेदन करून घ्यावे. बिल्ला कानापासून वेगळा न करता कंपनीचा माणूस सांगेल तसा जपून ठेवावा. दाव्यास मुख्यतः लागतात ते कागद चारच. मृत्यूची सूचना, पॉलिसी, दाव्याचा अर्ज आणि शवविच्छेदनाचा अहवाल. जनावर विकले असेल तर विम्याची उरलेली मुदत घेणाऱ्याच्या नावे करून द्यावी. बाजारात ही गोष्ट कोणीही बोलत नाही, आणि घेणारा विनाविम्याचा राहतो.

येथपर्यंत मरणाचे झाले. परंतु गोठ्यात मरण क्वचित आणि आजार नेहमी. गुरांच्या नेहमीच्या विम्यात डॉक्टरची फी, सलाइन, इंजेक्शने यांपैकी एक पैसाही मिळत नाही. शहरात अलीकडे पाळीव कुत्र्यांचा विमा निघाला आहे, त्यात दवाखान्याचा व शस्त्रक्रियेचा खर्चही धरतात, हे ऐकून आमच्या गावातील मंडळींस हसू आले. वास्तविक त्या विम्याचे मूळ गोठ्यातच आहे. स्वीडन देशात 1890 साली घोडे व गुरे यांच्यासाठी अशी सोय निघाली आणि कुत्र्याचा नंबर त्यानंतर 1924 साली लागला. कुत्र्यास मिळते ते गाईस अद्याप मिळत नाही, ही खरी हसण्याची किंवा न हसण्याची गोष्ट आहे. ते असो. जोपर्यंत तशी सोय नाही तोपर्यंत उपचाराचा खर्च आपल्याच गाठीचा.

सरकारी दवाखान्यात शुल्क नाममात्र असते आणि 1962 या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरते पथकही येते, ही मोठी सोय आहे व तिचा लाभ प्रथम घ्यावा. पण पथक एक आणि गावे अनेक. रात्री, सणाच्या दिवशी, किंवा ते दुसऱ्या टोकास गेलेले असता खाजगी डॉक्टरास बोलवावे लागते आणि औषधे बाजारातून आणावी लागतात. पहिली गाय गेल्यावर आम्ही दुसरी घेतली आणि तेव्हापासून तिच्या खर्चाची वही ठेवली. तीन वर्षांचे आकडे येणेप्रमाणे आहेत. पहिल्या वर्षी एकदा पोटफुगी, 650 रुपये. दुसऱ्या वर्षी कासेचा दाह, म्हणजे आपण ज्यास दगडी म्हणतो तो. पाच दिवसांची इंजेक्शने व सडात सोडावयाची औषधे मिळून 2,900, आणि एक सड मंद झाला तो निराळाच. तिसऱ्या वर्षी वेताच्या वेळी वासरू आडवे, रात्रीचे डॉक्टर, पुढे वार अडकली, सर्व मिळून 4,300. यांपैकी कोणताही खर्च घर बुडविणारा नाही. पण प्रत्येक खर्च अवेळी आला, आणि त्याच रात्री रोख द्यावा लागला.

पुंजीचा खरा उपयोग पैशाचा नसून वेळेचा आहे, हे आम्हांस आमच्या शेजारी राहणाऱ्या आबांच्या गाईने शिकविले. आबा आमच्याहून पंधरा वर्षांनी वडील. गाय त्यांच्या जिवाची. तिसऱ्या वेतास व्याली, दूध भरपूर, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसली ती उठेना. कान थंड, मान पोटाकडे वळलेली. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग थंड पडते. व्याल्यावर एकाएकी दुधात चुना ओढला जाऊन रक्तातील चुन्याचा अंश उतरतो, त्याने हे होते. शिरेतून कॅल्शियमचे औषध वेळेवर दिले तर पडलेली गाय पुष्कळदा तासा-दोन तासांत उठून उभी राहते. गुरांच्या रोगांत इतका तात्काळ गुण क्वचितच पाहावयास मिळतो. आबांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण त्या दिवशी घरात रोकड नव्हती. मुलगा कांदे घेऊन लासलगावास गेला होता, त्याचे पैसे दुसऱ्या दिवशी हाती यावयाचे. खाजगी डॉक्टरची मागील बाकी होती, म्हणून त्यास बोलवावयास आबांना लाज वाटली. सकाळी मुलगा आला की पाहू, असे म्हणून त्यांनी रात्र काढली. मध्यंतरी कोणाच्या सांगण्यावरून नळकांड्याने गूळपाणी पाजले. पडलेल्या गाईस असे काही तोंडाने पाजू नये, गिळण्याची शक्ती नसल्याने ते फुप्फुसात जाते. पहाटे आम्हांस हाक आली तेव्हा गाय ताठ झाली होती.

आम्ही म्हणालो, "आबा, रात्रीच का नाही हाक मारली?"

आबा म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्याकडं पैसं मागायला आलो असतो तर तुम्ही दिलंच असतं. पर हात पसरायला पाय उचलंना."

त्या वाक्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. औषधाची बाटली, सुई आणि डॉक्टरची फी मिळून त्या रात्री हजार-बाराशे रुपये लागले असते.

गाईचा विमा नव्हता. पूर्वी एकदा आम्ही त्यांस विम्याविषयी सांगितले होते, तेव्हा ते म्हणाले होते, "पोळ्याला ज्याच्या पाया पडायचं त्याच्या नावानं मरणाचा कागद करायचा व्हय?" ही भावना आम्हांस तुच्छ वाटत नाही. आमच्या मातोश्रीही असेच म्हणत. त्यावर आमचे म्हणणे एवढेच की, आपण गाईस लस टोचतो तेव्हाही रोगाचेच नाव घेतो, आणि गोठ्याला कुलूप लावतो तेव्हा चोराचे. दुसरा आक्षेप असा की, जनावर मेले नाही तर हप्ता फुकट गेला. हे म्हणजे नांगरणी केली आणि तण उगवले नाही, सबब नांगरणी वाया गेली, असे म्हणण्यासारखे आहे.

पुंजी कशी साठवावी? पगारदारासारखी महिन्याच्या महिन्याला ठराविक रक्कम टाकणे शेतकऱ्यास साधत नाही, तसा उपदेश करणाऱ्यांनी शेती केलेली नसते. जेथून पैसा येतो तेथेच तो अडवावा. दूध संस्थेत जात असेल तर दर लिटरमागे एक रुपया गाईचा म्हणून धरावा. दहा लिटरची गाय तीनशे दिवस दूध देते असे मानले तर वर्षास 3,000 रुपये होतात. आमच्या वहीतील तीन वर्षांचा खर्च 7,850 आणि या हिशेबाने जमा 9,000, म्हणजे मेळ बसतो. संस्थेने पगारातून ही रक्कम परभारे कापून वेगळ्या खात्यात टाकली तर उत्तमच, कारण हातात आलेला रुपया गाईचा राहत नाही. बैलवाल्याने भाड्याच्या पाळीच्या प्रत्येक दिवसामागे काही ठेवावे. शेळ्या असतील तर वर्षातून एक करडू औषधाचे म्हणून आधीच नेमून ठेवावे. बायकांच्या बचत गटात हे काम अधिक निगुतीने होते असा आमचा अनुभव आहे, कारण गाईच्या अंगावर हात फिरविणारी तीच आणि तिचे दुखणे प्रथम ओळखणारीही तीच. खाते बँकेत किंवा टपाल कचेरीत असावे, परंतु हजार-दीड हजार रुपये रोख घरात, गोठ्याच्या नावाच्या डब्यात असावेत. रात्री दोन वाजता टपाल कचेरी उघडत नाही.

दोन्ही गोष्टी एकदम साधत नसतील तर आधी काय करावे, असे विचारतील. एकच गाय आणि तीही कर्जाची, त्याने आधी विमा उतरवावा, डब्यात पाचशे रुपये असले तरी चालतील. घरची आठ-दहा जनावरे, कर्ज नाही, त्याने आधी पुंजी उभी करावी आणि त्यांतील उत्तम दोन-चारांचा विमा काढावा. बारा वर्षांवरील बैलास विमा मिळतच नाही. त्याच्यासाठी पुंजी हीच काय ती सोय, आणि ज्याने बारा वर्षे औत ओढले त्याच्या म्हातारपणी औषधास पैसे नाहीत असे म्हणणे कोणत्याही घरास शोभणारे नाही.

विम्याची मुदत संपण्याचा दिवस विसरणे हा शेवटचा मोठा अडथळा. आमच्याकडे मंडळी अक्षय्य तृतीयेस विमा काढू म्हणतात. मुहूर्त चांगला आहे, पण तिथी इंग्रजी तारखेच्या मागेपुढे होते, आणि मधल्या आठ दिवसांत जनावर बिनविम्याचे राहते. त्यापेक्षा मे महिन्याची अखेर धरावी. घटसर्प-फऱ्याच्या लशीही त्याच सुमारास टोचावयाच्या असतात, एका फेरीत दोन्ही कामे होतात.

आबांनी गेल्या वर्षी नवी कालवड घेतली. ती पहिल्या वेताची झाली तेव्हा त्यांनी आपण होऊन आम्हांस बोलावले, हातात टपालाचे पुस्तक होते. विम्याचा अर्ज आम्हीच भरून दिला. तिच्या कानातील बिल्ल्याचे बारा अंक, डॉक्टरांचा क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख आम्ही त्यांच्या गोठ्याच्या चौकटीवर पांढऱ्या तेलरंगाने लिहिली आहे. आबांना वाचता येत नाही, परंतु त्यांची नात रोज संध्याकाळी धार काढताना ते अंक कानाशी ताडून पाहते.